शिक्षेचे वचन देणारा उमेदवार

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. आमच्या मतदारसंघातून विधिमंडळासाठी उभे असलेले एक उमेदवार आमच्याच धर्माचे आहेत आणि स्वच्छ चारित्र्याचे, कामाचे म्हणून ओळखले जातात. माझा मोठा भाऊ त्यांच्या प्रचारात बुडाला आहे. नुकत्याच झालेल्या एका सभेत ते म्हणाले की, व्यभिचाराला भर चौकात फटके आणि धर्माची निंदा करणाऱ्याला मृत्युदंड असे धर्मग्रंथात सांगितले आहे आणि देशाचा कायदा त्याबरहुकूम असला पाहिजे. मी स्वतः श्रद्धाळू आहे, नित्यनेम चुकवत नाही. तरीही ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दादा म्हणतो, ‘सभेत असे बोलावेच लागते, निवडून आल्यावर असले काही कोणी करत नसते, आणि तुला ते खटकत असेल तर तुझ्या श्रद्धेतच खोट आहे.’ मी त्यांना मत द्यावे का? न दिल्यास ती धर्माशी प्रतारणा ठरेल का? दादाशी हे कसे बोलावे? येत्या रविवारी ते आमच्या घरी बैठकीलाही येणार आहेत.
एक वाचक भगिनी

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण त्याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. ते उमेदवार खरोखरच तसे म्हणाले असतील आणि त्या म्हणण्यावर ठाम असतील, तर त्यांना मत देऊ नका. पुढे जे लिहिते आहे ते या उत्तरामागची कारणे तुम्हाला तपासून पाहता यावीत आणि दादाशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून.

‘खरोखरच म्हणाले असतील तर’ हे मी मुद्दाम लिहिले आहे. निवडणुकीच्या काळात भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा हातोहात फिरतो आणि त्याच्या मागचे-पुढचे वाक्य कापलेले असते. तुम्ही सभेला स्वतः हजर होता की कोणी तुम्हाला ते ऐकवले, हे पत्रातून कळत नाही. पूर्ण भाषण मिळवून ऐका. एखादा माणूस मद्याला विरोध करतो, कुटुंबाबद्दल जुन्या वळणाची मते बाळगतो, भाषणाची सुरुवात प्रार्थनेने करतो, एवढ्यावरून त्याला कोणी अतिरेकी म्हणत असेल तर तो त्याच्यावर अन्याय आहे. श्रद्धाळू माणसाला राजकारणात येण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे. खुनासारख्या गुन्ह्याला फाशी असावी की नसावी हा वादही वेगळा आहे. त्यात दोन्ही बाजूंना सद्हेतूने विचार करणारी माणसे आहेत. तुमच्या अंगावर काटा आला तो याहून निराळ्या मागणीमुळे. जे आचरण किंवा जे बोलणे एका धर्माच्या दृष्टीने पाप आहे, ते राज्याच्या दृष्टीने गुन्हा ठरवावे आणि त्याची शिक्षा माणसाच्या देहावर करावी, अशी ती मागणी आहे. तुमच्या उमेदवारांचा धर्म कोणता हे तुम्ही लिहिलेले नाही आणि मला ते विचारावेसेही वाटले नाही, कारण ही मागणी अनेक धर्मांच्या नावाने झालेली आहे आणि तिचे परिणाम जवळपास सारखेच झाले आहेत.

दादाचे पहिले म्हणणे असे की, निवडून आल्यावर असले काही कोणी करत नसते. नायजेरियाच्या उत्तरेकडील झामफारा राज्यात 1999 साली नेमके याच्या उलट घडले. लष्करी राजवट संपून निवडणुका झाल्या, तेव्हा अहमद सानी येरिमा यांनी गव्हर्नरपदाच्या प्रचारात शरियतचा फौजदारी कायदा आणण्याचे वचन दिले होते. ते निवडून आले, त्याच वर्षी त्यांनी घोषणा केली आणि जानेवारी 2000 मध्ये कायदा अमलात आला. मार्चमध्ये गाय चोरल्याच्या आरोपावरून एका माणसाचा उजवा हात तोडण्यात आला. म्हणजे प्रचारातले वाक्य आणि तुटलेला हात यांच्यामध्ये जेमतेम एक वर्ष गेले. त्याहूनही लक्षात घेण्यासारखे आहे ते शेजारच्या राज्यांत घडले. तिथल्या सगळ्याच नेत्यांना हा कायदा मनापासून हवा होता असे नाही. पण एकाने केल्यावर दुसऱ्याने न करणे म्हणजे धर्मात कमी पडणे, असे वातावरण तयार झाले आणि पाहता पाहता बारा राज्यांनी तो स्वीकारला. कानो राज्याचे गव्हर्नर याबाबत फारसा उत्साह दाखवत नव्हते; 2003 च्या निवडणुकीत ते पराभूत झाले आणि त्या पराभवाला हेही एक मोठे कारण असल्याचे मानले जाते. शिक्षेच्या कठोरपणाची अशी चढाओढ एकदा लागली की मवाळ माणसाला प्रत्येक निवडणुकीत आपण धार्मिक असल्याचे सिद्ध करावे लागते. आज तुमच्या घरात दादा तुम्हाला तेच सिद्ध करायला सांगतो आहे.

कधीकधी असा उमेदवार स्वतःच म्हणतो की, हे माझे वैयक्तिक मत आहे, तसा कायदा आणण्याचा माझा विचार नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात 2014 साली प्रतिनिधीगृहासाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराचे जुने लिखाण बाहेर आले. बायबलच्या जुन्या करारानुसार समलिंगी व्यक्तींना दगडांनी ठेचून मारणे योग्यच ठरेल, असे त्याने लिहिले होते. विचारणा झाल्यावर, आपण असा कायदा आणणार नाही असे त्याने सांगितले. मूळ मत मात्र मागे घेतले नाही. तो हरला. 2022 मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि या वेळी पक्षांतर्गत निवडणुकीच्या निर्णायक फेरीपर्यंत पोहोचून मग हरला. त्या देशात रुसस रश्डूनी यांच्या विचारांवर उभी राहिलेली एक ख्रिस्ती चळवळ अनेक दशकांपासून असे मांडत आली आहे की, जुन्या करारातले दंड आजच्या राज्यालाही लागू आहेत. समाज मनाने तयार होईल तेव्हा ते आपोआप येतील, ते लादायचे नाहीत, असे तिचे समर्थक सांगतात. मला यात दिलासा वाटत नाही. ज्याला एखादी शिक्षा न्याय्य वाटते आणि जो केवळ वेळ आलेली नाही म्हणून थांबला आहे, त्याच्या हाती आपण कायदे करण्याचे काम देतो तेव्हा त्या थांबण्याची मुदत आपणच कमी करत असतो.

शिवाय पराभवाने किंवा बंदीने असा विचार संपतो असे समजू नये. इस्रायलमध्ये कट्टर ज्यू धर्मगुरू मेइर कहाने 1984 साली एकमेव जागा जिंकून संसदेत आले आणि ज्यू व बिगर-ज्यू यांच्यातील शरीरसंबंध गुन्हा ठरवण्यासारखे प्रस्ताव त्यांनी धर्माच्या आधाराने मांडले. ते बोलायला उभे राहिले की इतर सदस्य सभागृह सोडून जात. उजव्या विचारांच्या लिकुद पक्षाचे खासदार मायकेल एतान यांनी त्यांच्या प्रस्तावांची तुलना ज्यूंशी विवाह आणि शरीरसंबंध गुन्हा ठरवणाऱ्या नाझींच्या न्यूरेंबर्ग कायद्यांशी करून दाखवली. 1985 मध्ये वंशद्वेष भडकवणाऱ्या पक्षांना निवडणुकीतून वगळणारी दुरुस्ती मूलभूत कायद्यात झाली आणि 1988 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला उभेच राहू दिले गेले नाही. एका संसदेने एका सदस्याविरुद्ध याहून अधिक काय करावे? तरीही तरुणपणी कहाने यांच्याच चळवळीत असलेले इतामार बेन-ग्वीर 2022 च्या अखेरीस त्या देशाचे राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाले. त्यामुळे ‘एकटा माणूस काय करणार’ हा युक्तिवाद दादाने केला तर तो फार काळ टिकणारा नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. सामान्य कायदा चुकला तर तो बदलता येतो. विरोधी पक्ष त्यावर टीका करतो, वकील त्यातली त्रुटी दाखवतात, पुढचे सरकार तो रद्द करते. आणि या सगळ्यात कोणी पापी ठरत नाही. जो कायदा ईश्वराचा म्हणून आणला जातो, त्याच्यावर टीका करणाराच आरोपी होतो. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी 1979 मध्ये शरियतमधले ठरावीक कठोर दंड लागू करणारे हुदूद अध्यादेश काढले. त्यांत बलात्काराची कमाल शिक्षा देण्यासाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची साक्ष लागत असे आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर बाईची गर्भावस्थाच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाई. 1983 मध्ये बलात्काराची तक्रार करणाऱ्या एका अंध तरुणीलाच खालच्या न्यायालयाने व्यभिचाराबद्दल तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा सुनावली. ओरड झाल्यावर ती वरच्या न्यायालयात सुटली. या अन्यायाबद्दल देशातल्या स्त्रिया 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून रस्त्यावर उतरत होत्या. तरीही बलात्काराचा गुन्हा त्या अध्यादेशातून काढून सर्वसाधारण दंडसंहितेत आणायला 2006 साल उजाडावे लागले. सत्तावीस वर्षे! आणि अध्यादेश तेव्हाही पूर्णपणे रद्द झाले नाहीत, कारण ‘ईश्वराचा कायदा रद्द करा’ असे म्हणण्याची हिंमत फार थोड्या लोकप्रतिनिधींकडे होती.

त्या हिंमतीची किंमत काय असते तेही त्याच देशात दिसले. पंजाब प्रांताचे गव्हर्नर सलमान तासीर यांनी धर्मनिंदेच्या कायद्यात सुधारणा करावी असे म्हटले आणि त्या कायद्याखाली फाशी सुनावलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीची बाजू घेतली. 4 जानेवारी 2011 रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घालून मारले. दोनच महिन्यांत अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाझ भट्टी यांचीही हत्या झाली. तासीर यांच्या मारेकऱ्याला हुतात्मा मानणाऱ्या पक्षाने 2018 ची निवडणूक लढवली, तेव्हा त्याला 22 लाखांहून अधिक मते मिळाली. ज्या स्त्रीसाठी तासीर बोलले होते, तिला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष सोडले. तिच्या आयुष्यातली सुमारे आठ-नऊ वर्षे तोवर कोठडीत गेली होती आणि तिला देश सोडावा लागला. तुमच्या उमेदवारांनी धर्मनिंदेला मृत्युदंड हवा असे म्हटले आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिले. चोरीला निदान चोरलेली वस्तू तरी असते. निंदा झाली की नाही हे मात्र कोणीतरी कोणाचे तरी बोलणे ऐकले एवढ्यावर ठरते; आणि जमिनीचा वाद, जुने वैर, व्यवसायातली स्पर्धा यांपैकी काहीही अशा तक्रारीमागे लपू शकते. न्यायाधीशालाही भीती असते. आरोपीला सोडले तर उद्या आपल्यालाच धर्मद्रोही म्हणतील, या धास्तीत दिलेल्या निकालाला न्याय कसे म्हणावे?

अशा शिक्षा कोणाच्या वाट्याला येतात, याबद्दल थोडक्यात लिहिते. नायजेरियातल्याच कात्सिना राज्यात 2002 मध्ये विवाहबाह्य मूल झाल्याबद्दल एका घटस्फोटित गरीब स्त्रीला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा झाली. ज्या पुरुषाचे तिने नाव घेतले, त्याने नकार दिला आणि तो सुटला. तिच्याजवळ पुरावा होता तो तिच्या कडेवर, त्याच्याजवळ काहीच नव्हते. धर्मग्रंथांतले दंड सगळ्यांना एका मापाने मोजतात, हाही समज खरा नाही. मनुस्मृतीत एकाच अपराधाला अपराध्याचा आणि पीडिताचा वर्ण पाहून वेगवेगळा दंड सांगितला आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे हा अन्याय होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला अधिक अस्वस्थ केले, कारण दादाने तुमच्या श्रद्धेवरच बोट ठेवले आहे. ताई, तुमच्या श्रद्धेत खोट नाही. शिक्षेच्या बाबतीत हात आखडता घेणे ही बाहेरून आलेली कल्पना आहे, असे अनेकांना वाटते. पण धर्मपरंपरांचा इतिहास पाहिला तर त्यांतल्या जाणत्या लोकांनीच या शिक्षांभोवती कुंपणे घातलेली दिसतात. यहुदी परंपरेत मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात असे म्हटले आहे की, सात वर्षांत एकाला मृत्युदंड देणारे न्यायमंडळ घातकी ठरते. आणि तिथेच एक आचार्य ती मुदत सत्तर वर्षांपर्यंत नेतात. इस्लामी न्यायशास्त्रात शंकेला जागा असेल तर ठरावीक कठोर दंड टाळावा, हे जुने तत्त्व आहे. कात्सिनातल्या त्या स्त्रीला सप्टेंबर 2003 मध्ये निर्दोष सोडले ते शरियतच्याच अपील न्यायालयाने. तिला बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि कबुलीजबाब मागे घेण्याचा तिला हक्क होता, ही कारणे त्या न्यायाधीशांनी आपल्याच शास्त्रातून दिली. ख्रिस्ती शुभवर्तमानात व्यभिचारी म्हणून पकडून आणलेल्या स्त्रीवर जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, असे येशू म्हणतो आणि जमाव पांगतो. या सर्वांना श्रद्धाहीन म्हणण्याचे धाडस दादा करील असे मला वाटत नाही. जे उमेदवार ग्रंथातला दंड तेवढा उचलतात आणि त्याच्याभोवतीची शेकडो वर्षांची सावधगिरी सोडून देतात, त्यांनीच आपल्या परंपरेचा अर्धा भाग टाकून दिलेला आहे.

तुम्ही लिहिलेले नाही, पण तुमच्या मनात असेल असा एक प्रश्न राहतो. हे उमेदवार प्रामाणिक आहेत आणि समोरचा कदाचित नसेल. मग काय करावे? ही अडचण खरी आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. मी तिचा विचार असा करते की, दोन्हीकडून होणारे नुकसान दुरुस्त होण्याजोगे आहे का ते पाहावे. भ्रष्ट प्रतिनिधी पैसा खातो, कामे अडवतो, आणि त्याची चौकशी होऊ शकते, पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. फासावर गेलेला माणूस परत येत नाही. उलट मला वाटते की, असा उमेदवार जितका सचोटीचा, तितका अधिक काळजीचा विषय आहे. कारण तो दिलेला शब्द पाळतो. दोघांनाही मत द्यावेसे वाटत नसेल तर तिसरा उमेदवार पाहा, किंवा जिथे कोणालाही मत न देण्याची नोंद करता येते तिथे तशी नोंद करा. घरी बसून राहू नका.

दादाशी बोलताना ग्रंथाच्या वचनांवर वाद घालू नये, असे मी सुचवीन. तो एक वचन काढील, तुम्ही दुसरे काढाल आणि शेवटी कोण अधिक धार्मिक यावर बोलणे येऊन ठेपेल. त्याऐवजी त्याला शिक्षेच्या तपशिलात न्या. तक्रार कोण करणार? खोटी निघाली तर तक्रारदाराचे काय? फटके मारण्याच्या कामावर कोण नेमला जाणार, आणि दादा स्वतः ते काम करील का? वहिनीवर किंवा त्याच्या मुलीवर उद्या कोणी असा आळ घेतला, तर त्याला कोणते न्यायालय हवेसे वाटेल, जिथे संशयाचा फायदा मिळतो आणि वर अपील करता येते ते, की जिथे जमाव बाहेर उभा असतो ते? हे विचारताना आवाज चढू देऊ नका, आणि इतर कार्यकर्त्यांसमोर तर मुळीच विचारू नका; चारचौघांत माणूस आपले म्हणणे सोडत नाही. एका बोलण्यात त्याचे मत बदलेल अशी अपेक्षाही ठेवू नका. तो त्या उमेदवारांच्या कामामुळे त्यांच्याकडे ओढला गेला असावा आणि शिक्षेचे बोलणे त्याने कानाआड केले असावे. बहुतेक समर्थकांचे असेच होते. त्या कामाबद्दल आदर ठेवूनही शिक्षेला विरोध करता येतो, एवढे त्याच्या लक्षात आले तरी पुष्कळ झाले. मतदान गुप्त असते. मत कोणाला दिले हे सांगण्यास तुम्ही बांधील नाही, दादालाही नाही.

रविवारच्या बैठकीला जरूर थांबा. पाहुणे घरी आलेले असताना त्यांना कोंडीत पकडणे तुम्हाला प्रशस्त वाटणार नाही आणि त्याची गरजही नाही. नम्रपणे दोन गोष्टी विचारा. सभेत सांगितलेल्या शिक्षांसाठी विधेयक आले तर तुम्ही त्याच्या बाजूने मत द्याल का, हे सरळ विचारा. ‘धर्म आम्हाला प्रिय आहे’ अशा उत्तरावर समाधान मानू नका. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असेच देता येते. दुसरे असे विचारा की, न्यायालयाने असा कायदा घटनाबाह्य ठरवला तर तुम्ही तो निकाल मानाल का. ‘विधेयकाच्या विरोधात मत देईन आणि निकाल मानीन’ असे ते सर्वांदेखत म्हणाले, तर त्या शब्दाला किंमत आहे आणि तुम्हाला पुन्हा विचार करायला जागा मिळेल. त्यांनी विषय बदलला, तर तेही उत्तरच समजा.

एवढे करूनही ते निवडून आले, तर तुमचे काम संपले असे मानू नका. मलेशियाच्या केलांतान राज्यात 1993 साली कठोर धार्मिक दंडांचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण संघराज्याच्या कायद्याने राज्यातल्या धार्मिक न्यायालयांना तीन वर्षे कैद, 5,000 रिंगिट दंड आणि सहा फटके यांपलीकडे जाऊ दिले नसल्यामुळे तो अमलात येऊ शकला नाही. 2016 मध्ये हीच मर्यादा तीस वर्षे, एक लाख रिंगिट आणि शंभर फटके इथपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव राष्ट्रीय संसदेत आला. तो मंजूर झाला नाही. त्याच राज्याच्या नंतरच्या फौजदारी कायद्यातली सोळा कलमे फेब्रुवारी 2024 मध्ये संघीय न्यायालयाने रद्द केली, आणि तो खटला एका आई आणि मुलीने, दोन नागरिक स्त्रियांनी, दाखल केलेला होता. तुमच्या विधिमंडळाच्या अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका वाचत जा. दंडसंहितेतल्या दुरुस्त्या पुष्कळदा निरुपद्रवी शीर्षकाखाली येतात. विधेयकावर हरकती मागवल्या गेल्या तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि तिची पोच जपून ठेवा.